इंजिनाच्या चुकलेल्या ठोक्याचे निदान : शहापूर व मुरबाड तालुक्यांतील मोटारविद्येच्या इतिहासाची एक बाजू

मोटारवाहतुकीच्या इतिहासाची साधने शोधू लागले की प्रथम हाती येतात ती कायद्याची व कारखान्यांची कागदपत्रे. १९१४ चा मोटारवाहन कायदा, त्याची जागा घेणारा १९३९ चा कायदा, वाहनांच्या नोंदण्या, करांच्या पावत्या, कंपन्यांचे ताळेबंद या सर्वांतून गाड्या किती होत्या व कोणाच्या होत्या हे कळू शकते. मात्र रस्त्यात बंद पडलेली गाडी पुन्हा कशी चालू झाली, हे या कागदांत आढळत नाही. ती चालू करणाऱ्या मिस्त्रीचे ज्ञान मुखाने सांगितले गेले, हाताने शिकले गेले आणि बहुधा त्या हातांबरोबरच संपले. अशा अलिखित ज्ञानाचा इतिहास लिहावयाचा तर एखादे लहान व नेमके प्रकरण घेणे सोयीचे ठरते. जुन्या मोटारीच्या इंजिनाचा चुकणारा ठोका आणि त्याचे निदान हे असे एक प्रकरण होय.

त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके विशेष उपयुक्त आहेत. शहापूर तालुक्यातून मुंबई-आग्रा रस्ता वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या क्रमाने चढत जातो व थळ घाटाने इगतपुरीस पोहोचतो. मुरबाड तालुक्यातून कल्याणचा रस्ता सरळगाव, टोकावडे या गावांवरून माळशेज घाटाकडे व पुढे जुन्नर-अहमदनगरकडे जातो. शहापुरास आसनगावचे रेल्वेस्थानक जवळ आहे. मुरबाड गावास विसाव्या शतकात रेल्वे लाभली नाही. दोन्ही रस्त्यांना सह्याद्रीची चढण आहे, पाऊस वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि मोठी दुरुस्तिशाळा कल्याण-ठाण्याखेरीज मिळत नसे. चढण, ओल आणि अंतर या तीन गोष्टींनी येथील निदानविद्येला कसे वळण दिले असावे, हे पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

१. दोषाचे स्वरूप

चार ठोक्यांच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. मिनिटास तीन हजार फेऱ्यांच्या वेगाने चार सिलिंडरांच्या इंजिनात मिनिटाला सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर ठिणग्या पडाव्या लागतात. त्यांतील एखादी पडली नाही, अशक्त पडली, अवेळी पडली, अथवा ती पडूनही सिलिंडरमधील मिश्रण पेटण्याजोगे नसले, तर तो ठोका फुकट जातो. गाडीला हिसका बसतो, ताकद कमी होते आणि न जळलेले पेट्रोल धुराड्यातून बाहेर पडते. यालाच दुरुस्तीच्या धंद्यात ‘मिसिंग’ म्हणतात. गाडी ‘मिसिंग मारते’ किंवा ‘तीनच सिलिंडरवर चालते’ हे वाक्प्रचार ठाणे जिल्ह्यात काय, साऱ्या महाराष्ट्रात परिचित आहेत.

या दोषाचे वैशिष्ट्य असे की त्याचे लक्षण एक असते आणि कारणे अनेक. प्लग, तार, कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, कार्बोरेटर, पेट्रोलचा पंप, झडप, गॅसकेट यांपैकी कोणाही एकाच्या बिघाडाने तोच हिसका बसू शकतो. तुटलेले पाटे किंवा फुटलेला टायर डोळ्यांना दिसतो, पण चुकलेल्या ठोक्याचे कारण तर्काने शोधावे लागते. म्हणून मिस्त्रीच्या बुद्धीची कसोटी लागते ती येथेच.

२. पहिली साधने आणि एका शब्दाचा पुरावा

मोटारीच्या पहिल्या पिढीत ठिणगीची व्यवस्था निरनिराळी होती. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ नमुन्यात प्रत्येक सिलिंडरला लाकडी पेटीतील स्वतंत्र कॉइल असे व तिच्यावरील लोखंडी पट्टी गुणगुणत कंप पावे. ठोका चुकू लागला की चालक त्या पट्ट्या एकेक करून बोटाने दाबून धरी. पट्टी दाबली की त्या सिलिंडरचे ज्वलन बंद पडे. दाबल्याने इंजिनाचा आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर निर्दोष. काहीच फरक पडला नाही तर दोष तेथेच, कारण तो आधीच बंद होता. चांगल्या अवयवाला क्षणभर थांबवून वाईट अवयव ओळखण्याची ही रीत पुढे साधने बदलली तरी टिकून राहिली.

अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास बॅटरी, एकच कॉइल व उघडझाप करणारे पॉइंट यांची जी योजना प्रचारात आणली, ती पुढे पाऊणशे वर्षे पेट्रोल मोटारींत रूढ राहिली. केटरिंग यांच्या डेटन येथील प्रयोगशाळेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘डेल्को’ हे नाव झाले आणि ती संस्था पुढे जनरल मोटर्समध्ये विलीन झाली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला.

या घटनांचा ग्रामीण गॅरेजांशी काय संबंध, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर एका शब्दात सापडते. प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने वीज वाटून देणाऱ्या यंत्रभागास इंग्रजीत डिस्ट्रिब्युटर म्हणतात. भारतातील मिस्त्री मात्र त्यास ‘डेल्को’ म्हणत आले. गाडी फियाट असो वा अॅम्बॅसडर, त्या भागावर नाव दुसऱ्याच कंपनीचे असो, शब्द डेल्कोच. अमेरिकन गाड्यांवर हात बसलेल्या पहिल्या पिढीने तो पुढच्या पिढीला दिला असावा, हे अनुमान सयुक्तिक वाटते. शिवडीचा कारखाना १९५४ च्या सुमारास बंद झाला. शब्द मात्र उरला. जेथे लेखी कागद नाहीत तेथे असे शब्द हेच दस्तऐवज मानावे लागतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी देशभर दिसू लागल्या. या वायूत ताकद कमी, आणि नीट न गाळल्यास त्यातील डांबरी अंश प्लगांवर व झडपांवर बसे. ठिणगीही पेट्रोलच्या मानाने अगोदर पाडावी लागे. इंधन बदलले की ठिणगीची वेळ बदलावी लागते, हा धडा त्या काळच्या चालकांना टंचाईने शिकवला.

३. स्वातंत्र्योत्तर काळातील गाड्या

१९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशीनंतर, ज्यांच्यापाशी देशातच सुटे भाग बनविण्याचा कार्यक्रम नव्हता त्या परदेशी जोडणी-कंपन्यांना भारतातून पाय काढावा लागला. परिणामी दोन-तीनच नमुन्यांच्या गाड्या पुढील तीस वर्षे रस्त्यावर राहिल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० निघू लागली. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे होते, आणि तीच गाडी १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बॅसडर १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. तिचे दीर्घकाळ चाललेले पेट्रोल इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे होते. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत जोडलेली जीप २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेबरोबर सरकारी कामाचे नेहमीचे वाहन बनली.

तिन्ही गाड्यांना चार सिलिंडर, तिन्हींत केटरिंगची पद्धत आणि तिन्हींत ठिणगीचा क्रम एकच : पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. नमुन्यांच्या या दुष्काळाने ग्राहकाची कुचंबणा केली यात संशय नाही. तथापि ज्ञानाच्या दृष्टीने त्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. मुंबईच्या गॅरेजात शिकलेला मुलगा आसनगाव किंवा सरळगाव येथे बसला तरी त्याच्यापुढे येणारी गाडी त्याच्या ओळखीचीच असे. एकाच रचनेशी तीस-चाळीस वर्षे संबंध आल्याने निदानाची एक स्थिर परंपरा तयार होऊ शकली.

या परंपरेची मर्यादाही ध्यानात घेणे अवश्य आहे. १९५४ पासून टाटा-मर्सिडीझ ट्रक रस्त्यावर आले आणि आग्रा रस्त्यावरील अवजड वाहतूक क्रमाने डिझेलकडे वळली. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. त्याच्या निदानाची रीत वेगळी, त्यात नळीत शिरलेली हवा काढणे मुख्य. त्यामुळे घाटरस्त्यावर दोन वेगळ्या विद्या शेजारी शेजारी नांदू लागल्या. प्रस्तुत विषय पेट्रोल गाड्यांपुरता, म्हणजे टॅक्सी, खासगी मोटार व जीप यांच्यापुरता आहे.

४. निदानाची रीत

जुन्या मिस्त्रीच्या पद्धतीत प्रश्नांचा एक क्रम असे. तो कोठे छापलेला नव्हता. पण इंजिनाच्या रचनेतूनच तो निघत असल्याने निरनिराळ्या ठिकाणी तो सारखाच आढळतो.

पहिला प्रश्न : ठोका नियमाने चुकतो की अनियमितपणे? धुराड्याच्या तोंडाशी उभे राहून ऐकले असता नियमित चूक एका लयीत येते. अशी चूक असेल तर दोष एकाच सिलिंडरचा, म्हणजे त्याच्या प्लगचा, तारेचा वा झडपेचा. चूक अनियमित असेल तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या भागात, म्हणजे कॉइल, कंडेन्सर, पॉइंट किंवा कार्बोरेटर यांत. या एका प्रश्नाने संशयितांची यादी निम्म्यावर येते.

दुसरा प्रश्न : कोणता सिलिंडर? इंजिन मंद चालू ठेवून लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकेका प्लगचे टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवावयाचे. ज्या प्लगने आवाजात फरक पडत नाही तो मेलेला. ही ‘टी’ नमुन्यातील बोट दाबण्याचीच रीत होय. शेजारचे दोन सिलिंडर एकदम मेलेले निघाले तर मिस्त्री प्लगकडे न पाहता त्या दोहोंमधील गॅसकेट फुटल्याचा संशय घेई, किंवा तारांची अदलाबदल तर झाली नाही ना हे क्रम लावून पाही.

तिसरा प्रश्न : प्लग काय सांगतो? कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळेपणा म्हणजे रिंगा झिजून तेल वर येते. पांढुरके करपलेले टोक म्हणजे पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त. फिकट तपकिरी रंग म्हणजे सर्व ठीक. मग संशयित प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहावयाचा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग अपराधी. जागेवरच राहिला तर तार किंवा झडप पाहावी लागे. दाब पाहण्यास यंत्र नसले तरी जीप व अॅम्बॅसडर यांना हँडल असे. ते सावकाश फिरवीत असता प्रत्येक सिलिंडरचा विरोध हाताला जाणवतो, आणि ज्या वेळी हँडल हलके फिरते त्या वेळचा सिलिंडर दाब धरीत नाही हे कळते.

चौथा प्रश्न पॉइंटांचा. अॅम्बॅसडरच्या इंजिनात पॉइंटांमधील फट सुमारे ०.४ मिलिमीटर व प्लगची फट सुमारे ०.६ मिलिमीटर ठेवावी लागते. फटमापक नसेल तेथे पातळ पुठ्ठ्याच्या कडेवर भागवले जाई. पॉइंट पॉलिशपेपरने घासणे हा सर्वांत सोपा उपाय, आणि म्हणूनच सर्वांत फसवा. घासल्याने गाडी लगेच सुधारते. पण पॉइंट जळण्याचे कारण कंडेन्सर असेल तर थोड्याच दिवसांत तोच दोष परत येतो. कंडेन्सरचे काम पॉइंट उघडताना तेथे उडणारी ठिणगी शोषून घेण्याचे. तो निकामी झाला की पॉइंटांवर खड्डा पडतो व खरी ठिणगी, जी प्लगवर पडावयाची, ती अशक्त होते. लक्षण शमविणे आणि कारण काढणे यांतील भेद चांगल्या व साधारण मिस्त्रीत येथे दिसून येई.

५. घाट, पाऊस आणि ऊन

येथवरची रीत कोठेही लागू पडेल. शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांनी तिच्यात काय भर घातली हे पाहू लागता घाटाचे महत्त्व प्रथम ध्यानात येते. सिलिंडरमधील दाब जितका अधिक तितका ठिणगी पडण्यास विजेचा जोर अधिक लागतो. सपाट रस्त्यावर अॅक्सिलरेटर थोडाच दाबलेला असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण कमी शिरते, दाब बेताचा राहतो. अशक्त कॉइलही तेवढे काम भागवते. कसाऱ्याच्या पुढे चढण लागली की अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा लागतो, दाब वाढतो आणि तीच कॉइल हार खाते. त्यामुळे भिवंडीपर्यंत निर्वेध आलेली गाडी घाटाच्या पायथ्याशी अडखळू लागणे हा योगायोग नसून पदार्थविज्ञानाचा नियम आहे. याउलट जळलेल्या झडपेचा दोष मंद गतीत अधिक जाणवतो व वेगात झाकला जातो. ‘उभी असताना चुकते की चढताना चुकते’ हा प्रश्न म्हणूनच घाटरस्त्यावर फार मोलाचा ठरतो.

दुसरी भर पावसाची. डेल्कोच्या बॅकेलाइटच्या कॅपला केसाएवढी चीर असली तर उन्हाळ्यात ती निरुपद्रवी असते. आषाढात तिच्यात ओल शिरते व हजारो व्होल्टचा प्रवाह प्लगकडे जाण्याऐवजी त्या वाटेने निसटतो. जुन्या तारांच्या रबराचेही तसेच. यावर अंधाराइतके चांगले उपकरण नाही. रात्री दिवे मालवून बॉनेट उघडले व इंजिन चालू ठेवले की गळणारी वीज तारांवर निळसर धाग्यासारखी नाचताना दिसते. कॅप कोरड्या फडक्याने पुसून, इंजिनाच्या उबेवर वाळवून गाडी मार्गस्थ करता येई.

तिसरी बाब वैशाखातील उन्हाची. चढणीवर तापलेल्या इंजिनाशेजारच्या पंपात व नळीत पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला इंधन पोहोचत नाही. पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ थांबले की गाडी चालू लागते. परंतु तापलेली कॉइल किंवा कंडेन्सर यांचा दोषही थांबल्यावर नाहीसा होतो. लक्षणे सारखी, विश्रांतीचा गुण सारखा. मग भेद कसा करावा? गाडी बंद पडताच, ती थंड होण्यापूर्वी, एक तार काढून तिचे टोक लोखंडाजवळ धरून पाहिले की उलगडा होतो. ठिणगी जोमदार निळी असेल तर दोष पेट्रोलचा. पिवळसर, मरतुकडी असेल किंवा मुळीच नसेल तर विजेचा. पुरावा तापलेला असतानाच घेतला पाहिजे. सावलीत बसून राहिलेला प्रवासी घरी पोहोचतो, पण दोषाचे कारण त्याला कळत नाही, आणि पुढच्या घाटात तो पुन्हा अडतो.

६. निदान या शब्दाविषयी

या रीतीस ‘निदान’ म्हणणे केवळ आलंकारिक नाही. आयुर्वेदात रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांपैकी उपशय म्हणजे रोगाचे स्वरूप गूढ असता औषध, आहार वा विहार यांचा प्रयोग करून कशाने बरे वाटते यावरून कारण ताडणे. प्लग बदलून पाहणे, पंपावर ओले फडके टाकणे हे उपशयच होत. मिस्त्रींनी ही रीत वैद्यांकडून घेतली असे अर्थातच म्हणावयाचे नाही. अप्रत्यक्ष कारणाचा शोध घेणारी बुद्धी भिन्न क्षेत्रांत सारख्याच पायऱ्या चढते, इतकेच या साम्यावरून सिद्ध होते. आणि हाताने काम करणाऱ्याच्या ज्ञानास केवळ ‘सवय’ म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे आहे, हेही त्यावरून दिसते.

७. परंपरेचा अस्त आणि अवशेष

१९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली व नमुन्यांचे जुने राज्य डळमळले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. शिशाच्या संरक्षणावर अवलंबून असणाऱ्या जुन्या इंजिनांत झडपांच्या बैठका झिजण्याचा धोका वाढला व टॅपेट वरचेवर तपासणे आवश्यक झाले. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या मापाच्या जेटमधून जाणारे मिश्रण विरळ होते, शिवाय ते ओल शोषते व जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. युद्धकाळातील कोळशाच्या वायूने शिकविलेला धडा असा वेगळ्या रूपाने परत आला आहे. दरम्यान कार्बोरेटर व पॉइंट नव्या गाड्यांतून नाहीसे झाले. मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून गेली.

भारतात २०१० ते २०१३ या काळात टप्प्याटप्प्याने सक्तीची झालेली स्वयंनिदानाची यंत्रणा ठोका चुकल्याची नोंद स्वतःच ठेवते. ती कशी ठेवते हे पाहणे उद्बोधक आहे. प्रत्येक ज्वलनानंतर क्रँकला मिळणारी गती संवेदकाने मोजली जाते. एखाद्या पाळीला गती कमी पडली की त्या सिलिंडरच्या नावे चूक मांडली जाते. पहिल्या सिलिंडरसाठी ‘पी ०३०१’, दुसऱ्यासाठी ‘पी ०३०२’, आणि चूक विखुरलेली असेल तर ‘पी ०३००’. धुराड्याशी उभा राहून कान देणारा मिस्त्री हेच करीत होता. त्याचा पहिला प्रश्नही हाच होता, की चूक नियमित की अनियमित, आणि दुसरा, की कोणत्या सिलिंडरची. म्हणजे नव्या यंत्राने जुन्या रीतीच्या पहिल्या दोन पायऱ्या आपल्याकडे घेतल्या आहेत. चूक प्लगची, तारेची, इंधनाची की झडपेची, हे तो आकडा सांगत नाही. तेथून पुढे अदलाबदल करून पाहणे, तापलेला पुरावा घेणे, लक्षण व कारण वेगळे करणे या पायऱ्या माणसालाच चढाव्या लागतात. त्या न चढता आकडा दिसताच भाग बदलत जाणे म्हणजे पॉलिशपेपरने पॉइंट घासण्याचीच खर्चिक आवृत्ती होय.

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मोटारविद्येचा इतिहास केवळ उपकरणांच्या क्रमाने लिहिल्यास बोटाने दाबलेली पट्टी, स्क्रूड्रायव्हर आणि आकडा दाखविणारे यंत्र हे तीन वेगळे कालखंड दिसतात. तर्काच्या क्रमाने लिहिल्यास ते एकाच परंपरेचे टप्पे ठरतात. दुसरी गोष्ट साधनांची. या परंपरेचे ग्रंथ नाहीत. तिची साधने म्हणजे ‘डेल्को’सारखे शब्द, अद्याप चालू स्थितीत असलेल्या थोड्या गाड्या, आणि त्या गाड्यांवर काम केलेली वृद्ध माणसे. आग्रा रस्त्यावर व माळशेजच्या वाटेवर अशी माणसे आहेत तोवर त्यांचे प्रश्न, त्या प्रश्नांचा क्रम आणि त्या क्रमामागील कारणे त्यांच्याच शब्दांत नोंदवून घेणे शक्य आहे. शहापूर व मुरबाड ही गावे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यास एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत. हे काम लांबणीवर पडले तर नोंदणीची पुस्तके शाबूत राहतील आणि गाड्या किती होत्या हे सांगता येईल. त्या कशा चालत्या ठेवल्या गेल्या हे सांगणारे मात्र कोणी उरणार नाही.